कॉर्व्हेटचा ठसा

येसाजीरावांचा एक हट्ट होता, आणि चौऱ्याहत्तरी आली तरी तो सुटला नव्हता. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते कुठल्याही वस्तूचा ठसा कोरत नसत. म्हैसूरच्या अग्रहार भागातलं भावसारांचं घर. आजोबा लुगडी रंगवायचे, वडील छापायचे, आणि येसाजीराव छपाईचे लाकडी ठसे कोरायचे. कापड छापून घेणारी गिऱ्हाइकं कधीच संपली. ठसे ट्रंकेत गेले, पण माणूस काही गप्प बसेना. शेवटी मुलगी वेदवती रोज पुढच्या गल्लीतून येऊन बापाच्या पुढच्या खोलीत गाड्यांची कव्हरं शिवायला लागली, आणि छिन्नीला पुन्हा काम मिळालं.

ते कसं, तेही ऐका. गावातल्या एका कॉफीमळेवाल्याला जुन्या परदेशी गाड्यांचं वेड. शेडमध्ये अकरा गाड्या, आणि वेदवतीनं शिवलेली कव्हरं सगळी एकाच करड्या कापडाची, वर इंग्रजीत नावं. ड्रायव्हर नागेंद्रला कन्नड वाचता येतं, इंग्रजी नाही. एकीचं कव्हर दुसरीला ओढता ओढता तो बिचारा मेटाकुटीला आला होता. वेदवती म्हणाली, "नावं कशाला, चित्रंच छापू की. नावाचा जो अर्थ, ते चित्र." मस्टँगला रानघोडा, इम्पालाला हरीण, बीटलला भुंगा. येसाजीरावांनी टांग्यांच्या अड्ड्यावर उभं राहून घोड्याचे खूर न्याहाळले, टांगेवाल्याची बोलणी खाल्ली, झूमध्ये दोन दुपारी घालवल्या, आणि मगच लाकडाला हात लावला. हौस म्हणा नाहीतर खोड म्हणा.

मग बारावी गाडी आली. तिचं नाव कॉर्व्हेट. अर्थ ना नागेंद्रला माहीत, ना वेदवतीला. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू हरिहर मूळचा पुण्याचा, कंप्युटर कंपनीतला, गाड्यांचा विषय निघाला की जेवणखाण विसरणारा. त्याला खाली बोलावलं.

"काका, ही स्पोर्ट्स कार," हरिहर सांगू लागला. "सत्तर वर्षांमागे अमेरिकेत कंपनीला हिच्यासाठी नाव सुचेना. 'सी' अक्षरावरून हवं होतं म्हणे. तेव्हा जाहिरात खात्यातल्या एकानं सरळ डिक्शनरी उघडली. कॉर्व्हेट म्हणजे छोटं लढाऊ जहाज. चपळ असतं. महायुद्धात मालाच्या जहाजांना सांभाळून नेण्याचं काम असल्या छोट्या जहाजांनीच केलं."

"आपला व्यासू तसल्याच जहाजावर आहे की, आप्पा," वेदवती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

येसाजीरावांनी छिन्नी पुसली, डब्यात ठेवली आणि ते मागच्या खोलीत निघून गेले. हरिहर बावचळून बघत राहिला. वेदवतीनं त्याला चहा दिला.

व्यासराज म्हणजे येसाजीरावांचं शेंडेफळ. त्यानं ट्रंकेतले तीनशे ठसे सांभाळावेत, निदान छिन्नी तरी धरावी, एवढीच बापाची इच्छा. पोरानं गुपचूप नेव्हीचा फॉर्म भरला आणि बोलावणं आल्यावर सांगितलं. येसाजीराव तेव्हा भडकले होते, नको ते बोलून गेले. "या घराबाहेर पाऊल टाकलंस तर तू मला मेलास." पोरानं वाकून नमस्कार केला आणि पाऊल टाकलं. त्याला बारा वर्षं झाली. पहिल्यांदा रजेवर आला तेव्हा येसाजीराव त्याला बघून पाटावरून उठून गेले. तेव्हापासून तो अक्काच्या, म्हणजे वेदवतीच्याच घरी उतरतो.

राग कधीच ओसरला होता, उरली होती ती लाज. टीव्हीवर समुद्रातल्या वादळाची बातमी लागली की म्हातारा उठून टीव्ही बंद करायचा. पाण्यावर राहणाऱ्या पोराला आपण काय बोललो, आणि ते आपल्याच तोंडचं खरं झालं तर? दर रविवारी दहाच्या सुमाराला व्यासराजचा फोन वेदवतीला यायचा, आणि दर रविवारी पावणेदहाला येसाजीराव चपला घालून कोपऱ्यावरच्या देवळात जायचे. देवावर त्यांची एवढी भक्ती नव्हती, हे देवालाही ठाऊक असणार. वेदवतीला एकच घोर होता. आप्पांना दम्यानं धरलेलं, आणि व्यासू दिवाळीलाही हजारो मैलांवर. दोघं बोलायच्या आधीच काही झालं तर जन्मभर सल राहील.

दोन दिवसांनी येसाजीराव आपणहून हरिहरकडे गेले आणि जहाजाचं चित्र मागितलं. हरिहरनं मोबाईलवर दहा-बारा दाखवली. सगळ्यांत लाटाच लाटा, फेसच फेस. येसाजीरावांनी जहाजाचं टोक, डोलकाठी, तोफ सगळं कागदावर उतरवलं, आणि तळाशी येऊन त्यांचा हात अडला. पाणी कुठं संपतं आणि जहाज कुठं सुरू होतं, काही कळेना. घोडा बघायला टांगा होता, हरणाला झू होतं. म्हैसुरात जहाज कुठलं बघणार?

"अंदाजानं कोरा, आप्पा," वेदवती म्हणाली. "गाडीच्या कव्हरावर कोण बघतंय?"

"अंदाजानं कोरायचं तर एखादं मशीनच छापेल की. मला कशाला विचारतेस?"

शनिवार असाच कोऱ्या लाकडाकडे बघण्यात गेला. रविवारी पावणेदहा वाजले. चपला दारातच होत्या, येसाजीराव पाटावर बसून होते. वेदवती शिवता शिवता टाका चुकली. फोन वाजला. तिनं 'हॅलो' म्हणायच्या आत बापानं हात पुढे केला.

"व्यासू," येसाजीराव म्हणाले. "पाणी कुठवर येतं?"

"आप्पा? कसलं पाणी?" पलीकडून आलं.

"जहाजाला रे. तुझ्या त्या कॉर्व्हेटला. ठसा कोरतोय, पाणी कुठवर येतं ते सांग."

"काळा पट्टा असतो, आप्पा," व्यासराज अडखळत म्हणाला. "रंगाचा. पाणी तिथवर येतं."

मग नळ सुटावा तसे प्रश्न सुटले. तोफ पुढं किती, डोलकाठी किती उंच, पाठीमागं सपाट की गोल. अर्धा तास गेला. पोरगं एकेक नीट सांगत होतं, बाप पेन्सिलीनं टिपत होता. वेदवती भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती.

"आणि यात तू कुठं असतोस?" येसाजीरावांनी विचारलं.

"मी खाली, इंजिन रूममध्ये. त्या पट्ट्याच्या खाली, आप्पा. बाहेरून दिसत नाही ते."

येसाजीरावांनी कागदाकडे पाहिलं. काळ्या पट्ट्याखाली त्यांनी काहीच काढलं नव्हतं.

"व्यासू, तेव्हा मी जे बोललो…"

"काय बोलला होतात? मला काही आठवत नाही."

पोराला खोटं बोलता येत नव्हतं, लहानपणीही येत नसे. येसाजीरावांनी फोन वेदवतीच्या हातात दिला आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसला.

ठशाला नऊ दिवस लागले. मधल्या रविवारी येसाजीरावांनी पुन्हा फोन मागून घेतला आणि पट्ट्याखाली काय काय असतं ते व्यासूकडून टिपून घेतलं. कव्हर न्यायला नागेंद्र आला तेव्हा कोपऱ्यातलं चित्र बघून घोटाळ्यात पडला. वर तोफ, डोलकाठी, मध्ये पाण्याची रेघ, आणि त्या रेघेखाली जहाजाचं भलं मोठं पोट, वरच्या भागापेक्षाही बारकाईनं कोरलेलं. चाकं, नळ्या, जिना, सगळं.

"हे पाण्याखालचं कशाला दाखवलंत?" तो कन्नडात म्हणाला. "जहाजाचं तेवढं कोण बघतं?"

"तिथं माझा मुलगा असतो," येसाजीराव म्हणाले.