टाय, बाई, मिशा

मी डिजिटल डायरीचे सेल सुकेळ्यांबरोबर उन्हात वाळत घातले होते. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कितीही शहाणपणाने बोलले तरी तुम्ही फसणार नाही.

यात एवढं काय, असं वाटत असेल तर टॉर्चचे दिवस आठवा. सेल उतरले की काढायचे, अंगणात दिवसभर तापवायचे, परत घातले की बॅटरी आणखी थोडे दिवस मिणमिणायची. आमच्या वसईच्या वाडीत अंगण कधी रिकामं नसायचंच. दिवाळी सरली की सासूबाई राजेळी केळी पिकवून, सोलून सुकेळी घालायच्या. खाटेवर चटई, चटईवर केळी, वरून जाळी. डायरीचा पडदा फिका पडायला लागला तेव्हा मी नाण्याने तिचं मागचं झाकण उघडलं, आतले तिन्ही चपटे सेल काढले आणि त्या जाळीखाली मांडून ठेवले. वर मनात म्हटलं, नवे सेल घ्यायला स्टेशनपर्यंत कोण तंगडतोड करतंय!

डायरी घेतली होती तीही याच अकलेने. कामण रोडला गोदामांच्या रांगेत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी हेडक्लार्क होते. कुठली गाडी कुठे गेली, कुणाचं परमिट कधी संपतंय, कुठल्या ड्रायव्हरच्या घरी निरोप कुठल्या नंबरवर द्यायचा, हे सगळं माझ्याकडे. मालक म्हणाले, वह्या बंद करा, ऑफिसच्या खर्चाने डिजिटल डायरी घ्या. गेले दुकानात. दुकानदाराने काचेवर चार मांडल्या. एकीचा पडदा मोठा, एकीची बटणं मोठी, एकीला म्हणे मेमरी दुप्पट. मी घेतली चौथी, कारण तिचं झाकण उघडताना 'टक्' असा आवाज व्हायचा. पर्स उघडावी, डायरी काढावी, टक् करावं, आणि समोरच्याने गप्प बसावं. मेमरी किती, सेल कसले, विचारलंसुद्धा नाही. माहितीपुस्तक साड्यांच्या खाली गेलं.

त्या डायरीला मराठी येत नव्हतं. इंग्रजी अक्षरं, तीही तांदळाएवढ्या बटणांवर, आणि माझी बोटं भाकरी थापणारी. पूर्ण नाव लिहायचा कंटाळा. म्हणून मी टोपणनावं घालायची. परमिटवाल्या साहेबाला 'नाक', टायरवाल्याला 'उद्या', कारण तो कधीही विचारा, उद्याच देणार. हसू यायचं मला माझंच. त्या हसण्याचं पुढे काय झालं ते आता सांगते.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचं रक्त ओ निगेटिव्ह. विहीणबाई दादरच्या. त्यांचं म्हणणं, मुंबईत मोठ्या हॉस्पिटलात नाव घालू, तिथे वेळ आली तर रक्ताची सोय असते. मी ऐकते कसली! "आमच्या वसईत काय कमी आहे हो, विहीणबाई?" इथल्या नर्सिंग होमच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र स्पष्ट बजावलं, "काकू, वेळेवर हे रक्त इथे मिळेलच असं मी सांगू शकत नाही. याच गटाची दोन-तीन माणसं हाताशी ठेवा."

मी ठेवली. गणपतीत एका मंडळाचं रक्तदान शिबिर होतं, तिथे दोघं गाठली. एक बोळिंजचे गृहस्थ, ऐन उकाड्यात टाय लावून आलेले. दुसऱ्या आचोळ्याला राहणाऱ्या एक शिक्षिका. तिसरा आमच्याच ऑफिसचा ड्रायव्हर, झुपकेदार मिशांचा. टाय, बाई, मिशा. तिघांचे नंबर डायरीत गेले आणि ज्या चिठ्ठ्यांवर ते लिहून दिले होते त्या मी फाडून टाकल्या. दिवाळीला विहीणबाई आल्या तेव्हा त्यांच्यासमोर टक् केलं. "सगळी माणसं इथे आहेत." त्यांनी मुंबईचं नाव पुन्हा काढलं नाही. मला वाटलं, जिंकलं.

मुलगी मनातून घाबरलेली होती. रोज दिवेलागणीला माझ्याजवळ येऊन बसायची आणि विचारायची, "आई, माणसं आहेत ना?" मग मी डायरी उघडून वाचायची, टाय, बाई, मिशा. ती पोटावर हात ठेवून हसायची. "आई, तू त्यांच्यासमोर म्हणशील हं एखाद दिवशी!" तेवढं झालं की जेवायला उठायची.

तर ते सेल. संध्याकाळी सासूबाईंनी जाळी काढली आणि ओरडल्या, "अगं, या टिकल्या कुणी वाळत घातल्यात केळ्यांत?" मी घाईघाईने उचलले, पुसले, डायरीत बसवले. पडदा काळाभोर, झकास. सेल खरंच तापले होते. फक्त पडद्यावर रात्रीचे बारा वाजले होते आणि तारीख एक जानेवारी. मी बटण दाबलं. नाक नाही. उद्या नाही. पुढे दाबलं, मागे दाबलं. आत काहीच नव्हतं.

साड्यांखालचं पुस्तक काढलं. त्यात चौकट करून लिहिलेलं होतं, मोठे सेल आणि धाकटा सेल कधीही एकदम काढू नयेत, साठवलेलं सगळं पुसलं जातं. त्यांनी लिहिलं होतं. मी वाचलं नव्हतं.

मी पलंगाच्या कडेला बसले. ऑफिसचं एक वेळ जमलं असतं, मालकाच्या शिव्या खाऊन सगळं परत गोळा केलं असतं. पण ही तीन माणसं? टाय आणि बाई यांची तर नावंसुद्धा मला माहीत नव्हती. टाय नावाच्या माणसाचा नंबर टेलिफोन डिरेक्टरीत कसा शोधायचा?

तेवढ्यात मुलगी दारात. "आई, माणसं आहेत ना?"

मी टक् केलं आणि कोऱ्या पडद्यावरून वाचलं, "टाय. बाई. मिशा." ती हसली. मी डायरी तिच्या बाजूला वळणार नाही अशी धरली होती.

दुसऱ्या दिवशी घरी कुणालाही न सांगता कामाला लागले. मिशा सोपा होता, मुलीसाठी मी रजेवर होते म्हणून ऑफिसात फोन केला. कळलं, गाडी घेऊन राजस्थानात गेलाय, परतीचा माल मिळाला की निघेल. शिबिरवाल्या मंडळाची पोरं म्हणाली, यादी आमच्याकडे नसते, रक्तपेढीवाले घेऊन जातात. मग मी नुसती बसून आठवत राहिले. बाईंचा नंबर शेजारच्यांचा होता. फोन केला की कुणीतरी "बाईंना बोलवा रे" म्हणून ओरडायचं, आणि मागे घरघर, घरघर. पिठाची गिरणी!

रिक्षा करून आचोळ्याला गेले. पहिल्या गिरणीत फोन नव्हता. दुसऱ्या गिरणीत पिठाने पांढरा झालेला फोन दिसला आणि मला रडूच आलं. गिरणीवाल्याने हाक मारली, बाई आल्या. शाल गुंडाळलेली, डोळे खोल गेलेले.

"अहो काकू, मलेरिया झालाय मला. डॉक्टर म्हणाले, आता बरेच महिने रक्त द्यायचं नाही. मी तुम्हाला कळवणारच होते. मुलगी बरी आहे ना?"

"बरी आहे," मी म्हटलं. परतताना रिक्षात बसून मी हाताची बोटं मोडत होते आणि रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता.

राहिला टाय. त्याचं काय ठाऊक होतं? बोळिंज, आणि टँकर. कधीही फोन करा, चार वाक्यं झाली की तो म्हणायचा, "काकू, टँकर आला, ठेवतो." रविवार आला, म्हणजे गृहस्थ घरी असणार. मुलीला सांगितलं, डॉक्टरीणबाईंना सुकेळी देऊन येते. थापा मारण्यात मी तोवर तयार झाले होते.

बोळिंजला उतरले. इमारतीच इमारती, सगळ्या एका साच्यातल्या, आणि सगळ्यांनाच टँकर. पहिल्या गेटवरच्या वॉचमनला विचारलं, "इथे टाय लावणारे कुणी राहतात का?"

"मावशी, सोमवारी सकाळी या. अर्धी बिल्डिंग टाय लावून पळते."

प्रत्येक सोसायटीच्या गेटाजवळ एक काळा फळा होता. त्यावर खडूने लिहिलेलं असायचं, टँकर किती वाजता. पहिल्या फळ्यावर कोपऱ्यात जागा होती, तिथे मी लिहिलं. दुसऱ्यावरही लिहिलं. तिसरा फळा टँकरच्या वेळेनेच भरलेला. वॉचमन पलीकडे तंबाखू मळत होता. मी पदराने टँकर पुसला आणि लिहिलं, 'ओ निगेटिव्ह रक्त देण्याचं कबूल केलेले, टाय लावणारे गृहस्थ, वसईच्या काकूंच्या मुलीसाठी ताबडतोब या.' खाली नर्सिंग होमचं नाव.

"ओ बाई! काय पुसलंत?" वॉचमन धावत आला. मी पन्नाशीची, गुडघे दुखणारी, पण त्या दिवशी पळाले.

कोपऱ्यावरच्या पीसीओतून घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला. "कुठे उलथलीस? पोरीला कळा सुरू झाल्या. तुझ्या नवऱ्याने दवाखान्यात नेलं तिला."

बोळिंजपासून वसईपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. रिक्षात मी पर्स पोटाशी धरून बसले होते, एवढंच आठवतं. आपल्या एका टक् आवाजासाठी आपण पोरीला मुंबईला जाऊ दिलं नाही, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. मोठी आली विहिणीला जिंकणारी!

नर्सिंग होममध्ये मुलीला आत घेत होते. मला बघून तिने हात पुढे केला. चेहरा घामाने भिजलेला. "आई, माणसं?"

ह्यांच्यासमोर, नर्ससमोर मी पर्स उघडली, टक् केलं आणि वाचलं, "टाय. बाई. मिशा." तिने डोळे मिटले. त्या वेळी तिच्या तोंडावर जे आलं ते हसूच होतं, असं मी अजून स्वतःला सांगते.

दार बंद झाल्यावर मी डॉक्टरीणबाईंना बाजूला घेतलं. "डायरी कोरी आहे. माणसं नाहीत." सेलचं, सुकेळ्यांचं, सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "मी मुंबईला फोन करते," म्हणाल्या. "तुम्ही गाडी आणि आणणारा माणूस तयार ठेवा. आणि देवाचं नाव घ्या." देवाचं नाव डॉक्टरच्या तोंडून ऐकलं की काय होतं, ते त्या बाकावर बसलेल्यांनाच ठाऊक. हे गाडी बघायला बाहेर गेले. मी एकटी बसले. आतून मुलीचा आवाज येत होता, मग तो थांबला.

मग बाळ रडलं. मी उठून उभी राहिले. दार उघडलं, पण नर्स बाळ घेऊन आली नाही. ती पळत फोनकडे गेली. रक्तस्राव थांबत नव्हता.

अशा वेळी कुणीतरी मागून म्हणालं, "वसईच्या काकू कोण?"

बघते तर हाफ पँट, ढोपरापर्यंत भिजलेली, पायात रबरी चपला, गळ्यात टाय नाही. मी ओळखलंच नाही. आवाज मात्र ओळखीचा होता. "अहो, फळ्यावर टँकरची वेळ कुणी पुसली म्हणून अख्खी बिल्डिंग खाली उतरून भांडत होती. मी वाचलं आणि बादल्या तिथेच टाकून आलो. कुठे झोपू, सांगा."

नर्स त्यांना दंडाला धरून पलीकडच्या लॅबमध्ये घेऊन गेली. तपासणी, जुळवणी, सगळं होईपर्यंत मी भिंतीवरच्या एका खिळ्याकडे बघत राहिले. खिळ्याला काही लटकवलेलं नव्हतं. तो खिळा आजही मी कागदावर काढून दाखवीन. मग बाटली आत गेली. बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, हातमोजे काढत, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "थांबलं. आहे ती बरी." तेव्हा कुठे मी खाली बसले, बाकावर नाही, फरशीवर.

नात झाली होती. तिला अजून मी पाहिली नव्हती.

टाय बाहेर येऊन चहा पीत बसले होते, दंडावर कापसाचा बोळा. मी त्यांच्यासमोर सुकेळ्यांचा पुडा ठेवला. तो सबंध बोळिंजभर माझ्या पर्समध्ये फिरला होता. मग सवयीने डायरी काढली आणि टक् केलं. पडद्यावर अजून जानेवारीच चालू होता. डायरी कशी कोरी झाली ते त्यांना सांगितलं. म्हटलं, "तुमचं खरं नाव सांगा हो आता, आणि नंबर. या वेळी पूर्ण लिहिते."

त्यांनी डायरीकडे बघितलं, सुकेळं तोंडात टाकलं आणि म्हणाले, "काकू, नंबर राहू द्या. टँकरच्या वेळेला या, मी खालीच असतो."