बसून दिलेली हजेरी

सरकारनं काही सुधारायचं ठरवलं, की आमच्या तांड्यात आधी कुत्री सोडायचे आणि मग पोरं लपवायचे. हसू नका. मी उभा जन्म मास्तरकीत घालवला, तरी नवा नियम आला की अजून माझ्या मनात आधी संशयच येतो.

पांढरकवड्याच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला आमचा बंजारा तांडा. बाप तांड्याचा नायक. भांडणं सोडवायची, लग्नं जुळवायची अन् सरकारी माणूस आला तर पुढं होऊन बोलायचं, हे त्याचं काम. शाळा आमच्याच गोठ्याच्या पडवीत भरायची. जनपदाच्या, म्हणजे तेव्हाच्या तालुका सभेच्या, काळातले गुरुजी म्हातारे होते. कोण आलं, कोण नाही, हे ते नुसती मान फिरवून पाहायचे अन् आपलं आपण लिहून टाकायचे. त्यांच्यावर कोणी संशय घ्यायचं कारणच नव्हतं.

मग महाराष्ट्र झाला, दोनेक वर्षांत जनपद गेलं अन् शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या. नवे गुरुजी आले. वणीकडचे, तरुण, इस्त्रीचा पायजमा घालणारे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आता रोज नाव पुकारायचं. तेही पुरं नाव, बापाच्या नावासकट. पुकारलं की उभं राहून 'हजर' म्हणायचं. पोरं कमी भरली तर शाळा उठणार. मला तर बाई भलतीच मजा वाटली, कारण तांड्यात मला पुऱ्या नावानं कोणी कधी हाक मारली नव्हती.

घरी जाऊन मी याडीला, म्हणजे आईला, कौतुकानं सांगितलं, "आज आमची हजेरी झाली."

बाप भाकर खात होता. त्याचा हात तिथंच थांबला.

"काय झाली म्हनते?"

"हजेरी."

"कोनं घेतली?"

"नव्या गुरुजीनं."

"उद्यापासून शाळेत जाचं नाई."

घरात आम्ही गोरबोली बोलायचो, इथं मी मराठीत सांगतेय. पण 'हजेरी' हा शब्द तिकडंही हजेरीच होता.

मी रडून गोंधळ घातला. चौथीचं वर्ष होतं माझं. चौथी पास झालं की पांढरकवड्याला पुढं शिकायचं, हे मी डोक्यात पक्कं करून टाकलं होतं, अन् एका शब्दापायी ते सगळं चाललं होतं. तेव्हा याडीनं मला चुलीपाशी ओढलं अन् सांगितलं. बापाची जवानी पैनगंगेच्या पलीकडे, निजामाच्या मोगलाईत गेली होती. तिथं अख्खा तांडा चोर म्हणून लिहिलेला. रोज संध्याकाळी चावडीवर जायचं, नाव पुकारलं की हात जोडून उभं राहायचं; त्यालाच हजेरी म्हणायचे. एकदा बापाचा मोठा भाऊ तापानं फणफणला, चावडीवर जाऊ शकला नाही. त्याला बांधून नेलं. तो परत आला नाही.

दुसऱ्या दिवशी तांड्यातलं एकही पोरगं शाळेत गेलं नाही. नायकाचा शब्द होता ना! मग गुरुजी घरोघरी फिरू लागले, किती पोरं, कुठं गेली, विचारू लागले. झालं, आगीत तेल.

"पोट्टे मोजून राह्यला थो," बायका कुजबुजल्या.

"सुया टोचतीन."

"आधी नागपूरचं राज होतं, आता मुंबईचं हाय. तिकडं नेत असतीन," एक म्हातारी म्हणाली, अन् तिनं नातवाला कणगीत बसवलं.

गुरुजीही काही कमी नव्हते. मला वाटेत गाठून त्यांनी विचारलं, "कोनं भरवलं तुमच्या तांड्याले? पाटलानं का? खरं सांग." मला त्यांचाही राग आला होता अन् बापाचाही.

त्या संध्याकाळी मी भाकरीला हात लावला नाही. बापासमोर जाऊन ओरडले, "मले थे चोर म्हनून नाई पुकारत! काहून माही शाळा बुडवून राह्यला तू?"

सकाळी बापानं पागोटं बांधलं, काठी घेतली. "चाल. मी सोता पाहतो."

नायक निघालेला पाहून बाकीची पोरंही मागं मागं आली. बाप पडवीच्या उंबऱ्यावर बसला, काठी मांडीवर आडवी.

"तुमची हजेरी कोन घेते?" त्यानं गुरुजींना विचारलं.

"साहेब घेतात, नायक. कधी येतीन, नेम नाई. मी नसलो तर नोकरी जाते."

"हं," बाप म्हणाला. त्याचं समाधान झालेलं नव्हतं. "पुकारा."

गुरुजी पुकारू लागले. एकेक पोरगं उठायचं, हजर म्हणायचं, बसायचं. मग माझं नाव आलं. माझं, त्यामागं बापाचं, मग आडनाव. मी उठायच्या आधीच बाप उभा राहिला होता. काठी खाली पडलेली, हात जोडलेले, मान खाली.

"हजर, सरकार."

पोरं फिसकन हसली. मला हसू आलं नाही. गुरुजी त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांना काय कळलं, देव जाणे. पण आवाज खाली आणून म्हणाले, "नायक, तुमची नाई. पोरीची हाय."

बापानं आपल्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं अन् ते सोडवले. वाकून काठी उचलली. माय वो! आता हा मला ओढत घरी नेणार, संपली शाळा, असंच वाटलं.

"पुन्यांदा पुकारा," तो गुरुजींना म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तू उठू नोको. बसून सांग."

"नायक, नियम हाय..."

"नियम तुमचा. पोरगी माही."

गुरुजींनी पुन्हा पुकारलं. मी बसल्या जागेवरून म्हणाले, "हजर."

चौथी पास झाले. पुढं मीही मास्तरीण झाले. माझ्या वर्गात पोरं बसूनच हजर म्हणायची. एकदा तपासणीला आलेले साहेब भडकले. "बाई, मुलं उभी का राहत नाहीत? शिस्त लावली नाही का?"

मी म्हणाले, "साहेब, यांच्या वाटचं माझा बाप उभा राहून गेलाय."