जित्या आईच्या नावानं पाणी

"डोकं पुढं कर," वहिनीसाहेब म्हणाल्या. माझ्या डोक्याला हात लागू नये म्हणून त्यांनी छत्रीच्या टोकानं माझी मान वळवली.

समोर सतरंजीवर पाहुणे बसले होते. शहरातून मोटारीनं आलेले. पांढरी कापडं, करकरीत वहाणा, हातात पेढे. मी धर्मशाळेच्या ओट्यावर उभी, कडेवर माझी धाकटी बहीण ठकी. दोघींची डोकी भादरलेली.

"ही बघा, निजामाच्या हद्दीतून एकटीच चालत आली. आईबाप दोघंही धाडीत गेले."

एक पाहुणा "अरेरे" म्हणाला. त्याच्या तोंडात पेढा होता.

"माझी आई जिती हाय," मी म्हणाले.

छत्रीचं टोक माझ्या पायाच्या अंगठ्यावर आलं. तिथंच थांबलं. वहिनीसाहेब हसून पाहुण्यांना म्हणाल्या, "मनाला फार लागलंय हो. पोरांना खरं वाटत नाही."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं होतं, कुणीतरी विचारेल, आई कुठं आहे. कुणी विचारलं नाही. मेलेल्या आईवर त्यांचं भागलं होतं. जिवंत आईचं काय करायचं ते त्यांना कळलं नसतं.

मी तेव्हा अकरा वर्षांची. ठकी पाच.

आम्ही धनगर. ईटच्या शिवारात आमची वस्ती होती. निजामाच्या राज्याचे ते शेवटचे दिवस. बंदूकवाले गावोगाव फिरत, घरं जाळत, माणसं उचलून नेत. बाप मेंढरं घेऊन बालाघाटाच्या डोंगरात गेला होता, त्याचा पत्ता नव्हता. आईची सासू आंधळी, अंथरुणाला खिळलेली. तिला टाकून आईला निघता येईना आणि आम्हाला ठेवून घेता येईना. वस्तीवरच्या दोन गाड्या हद्दीपलीकडं निघाल्या होत्या. आईनं आम्हाला त्यांच्यासोबत धाडायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी तिनं लोकर कातरायच्या कातरीनं आमचे केस उतरवले. मग वस्तऱ्यानं डोकी साफ केली. दोघींना सदरा आणि चड्डी घातली. म्हणाली, "मी येईस्तोवर पोरंच ऱ्हायचं. कुणी नाव इचारलं तर चुलत्याच्या पोरांची नावं सांगायची. आठ दिसात येते."

हद्दीच्या ओढ्याजवळ गोळीचा आवाज आला आणि गाड्या पांगल्या. कोण कुठं पळालं कळलं नाही. मी ठकीला पाठंगुळी घेतली आणि चालत राहिले.

आमच्या मुलखात तेव्हा हद्दींची ठिगळं होती. चहूबाजूंनी निजामाचं राज्य आणि मधेच एखादं गाव इंग्रजाचं. इंग्रज गेला, ती गावं हिंदुस्थानची झाली, आम्ही होतो तिथंच राहिलो. ओढा ओलांडला की दुसरं राज्य. अशाच एका गावात आम्ही पोचलो. ते गाव आता आमच्याच जिल्ह्यात आहे. नाव सांगत नाही. सांगून त्यांची कीर्ती कशाला वाढवू.

तिथं एकट्या आलेल्या लेकरांसाठी समिती होती. वहिनीसाहेब तिच्या मुख्य. नवऱ्याची अडत, मोठा वाडा, दारात घोडागाडी. लेकरं टिपून घ्यायला त्यांनी अडतीवरचा मुनीम बसवला होता. त्यानं आमच्या डोक्यांकडं पाहिलं. मुंडण केलेला पोरगा म्हणजे बाप मेलेला पोरगा, एवढं शास्त्र त्याला पुरे होतं. मी आईनं सांगितलेली नावं सांगितली. त्यानं लिहिलं, दोन मुलगे, अनाथ. आई आहे का, बाप आहे का, चुकामूक कुठं झाली, काही विचारलं नाही. पुढच्याला हाक मारली.

तिसऱ्या दिवशी हौदावर अंघोळी घातल्या तेव्हा आम्ही पोरी निघालो. पाणी घालणारी बाई हसून हसून खाली बसली. "आगं बया, ह्यो रामा न्हवं, ही तर रामी." वहिनीसाहेबांना सांगायला गेली. मीही मागं गेले. सगळं सांगितलं. कातर, सदरा, आंधळी आजी, आठ दिवस. त्या ऐकत होत्या असं वाटलं. मग मुनिमाला म्हणाल्या, "राहू द्या. लिहिलेलं खोडू नका. वही पाहुण्यांना दाखवायची असते."

वही चांगली दिसावी म्हणून आम्ही बापाविना, आईविना राहिलो.

त्या धर्मशाळेत एक रीत होती. ज्यांचे आईबाप मेले त्यांना सकाळी वाटीभर दूध. ज्यांचं कुणी जिवंत आहे त्यांना ज्वारीची आंबील. वहिनीसाहेबांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. दया ज्याची त्याला मापून द्यावी, असं त्यांचं म्हणणं. लेकरं मूर्ख नव्हती. दोन दिवसांत सगळ्यांचे आईबाप मरायला लागले.

मी हट्टानं आंबील प्यायले. माझ्यामुळं ठकीलाही आंबीलच. तिला हगवण लागली. डोळे खोल गेले. एका सकाळी मी वाटी घेऊन दुधाच्या रांगेत उभी राहिले.

"तुझं कोण गेलं?" वहिनीसाहेबांनी विचारलं. त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"आई मेली," मी म्हणाले.

"आता कशी शहाणी झालीस."

वाटीभर दुधासाठी मी आई मारली. ठकीनं ते घटाघटा प्यायलं आणि आणखी मागितलं. मला अजून कुणी विचारतं, मावशी, तुम्ही दूध का घेत नाही. मी सांगते, आवडत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शहरातल्या एका वकिलाची बायको आली. तिला घरात एक लहान मुलगी हवी होती. तिनं ठकीचा हात उलटा करून पाहिला, दात पाहिले. बाजारात आमचा बाप मेंढी घेताना असंच बघायचा. पण बाप मेंढीला मुलगी म्हणत नव्हता.

"लहान आहे, वळण लावता येईल," वकिलीणबाई म्हणाल्या. "पण मागं कुणी नाही ना? नंतर दारात येऊन उभं राहायला नको."

"कुणीसुद्धा नाही," वहिनीसाहेब म्हणाल्या. "तुमच्या समाधानासाठी विधी करून घेऊ. थोरली आईबापाला पाणी सोडेल. मग धाकटी तुमच्या पदरात."

म्हणजे आधी आईबापाच्या नावानं तीळ आणि पाणी सोडायचं. मेलेल्याला देतात ते. ते दिलं की मेलेला माणूस मेला, देवाच्या दारीसुद्धा. मग त्याचं लेकरू कुणीही न्यावं.

सकाळीच ओटा सारवला. भटजी आले. ठकीला वकिलीणबाईनं आणलेलं लाल परकर-पोलकं घातलं. तिला वाटलं, जत्रा आहे. दोनदा गिरकी घेतली. धर्मशाळेतली सगळी लेकरं खाली ओळीत बसवली होती, बघायला.

भटजी कुरकुरले. "मुलीच्या हातून पाणी?"

"मुलगा नाही तर काय करायचं?" वहिनीसाहेब म्हणाल्या. "आणि क्षौर तर झालेलंच आहे."

माझ्या आईनं आम्हाला वाचवायला डोकी भादरली होती. ह्यांनी त्याचंच सुतक केलं.

मला दक्षिणेकडं तोंड करून पाटावर बसवलं. तळहातावर काळे तीळ ठेवले. भटजींनी पळीत पाणी घेतलं. "गोत्र?"

"मला म्हाईत न्हाय."

"काश्यप धरू. आता आईचं नाव सांग."

नाव जिभेवर आलं होतं. मी दुधाच्या रांगेत आई मेली म्हटलं होतं, पण तिचं नाव घेतलं नव्हतं. नाव घेऊन तीळ सोडणं वेगळं. मूठ आपोआप मिटली.

"सांग ना गं," वहिनीसाहेब म्हणाल्या. "ह्यांना परत जायचंय."

"न्हाय सांगत. माझी आई जिती हाय. जितीला पाणी सोडत न्हाय मी."

"परवा तूच तर म्हणालीस, आई मेली."

"दुधासाठी म्हटलं. तुमी मेलेल्यांच्याच लेकरांना दूध देता."

खालच्या ओळीतल्या लेकरांनी माना खाली घातल्या.

"मग तुझी आई अजून आली का नाही?"

"तुमी निरोप धाडला का?"

एवढी मोठी बाई. घोडागाडी, मुनीम, मोटारीतले पाहुणे. आणि एक निरोप धाडला नव्हता.

भटजींनी पळी ताम्हनात ठेवली. "नाही बाई. जिवंत माणसाला तिलांजली म्हणजे त्याचं मरण चिंतणं. मला मुलंबाळं आहेत." माझ्यासाठी तो माणूस उठला नाही. स्वतःच्या भीतीनं उठला. मला तेवढी भीती पुरली.

वकिलीणबाईही उठल्या. "असल्या घोळाची मुलगी नको हो." जाताना आठवण झाली म्हणून ठकीच्या अंगातलं परकर-पोलकं उतरवून घेतलं. सगळ्यांसमोर. घडी घालून पिशवीत ठेवलं. ठकी उघडी उभी राहिली. गिरकी घेतलेली तिथंच.

वहिनीसाहेब मला म्हणाल्या, "तुमच्या लोकांना उपकार कळत नाहीत."

मी मूठ उघडली. तीळ ओट्यावर झाडले. म्हणाले, "कळत्यात. म्हणून तर तुमाला हात न्हाय जोडले."

त्या दिवसापासून आम्हा दोघींची जागा गोठ्यात. दूध सगळ्यांचंच बंद केलं, माझ्यामुळं. लेकरांनी मला बुक्क्या मारल्या. बरोबर होतं त्यांचं. मी मार खाल्ला आणि मग एकेकाला धरून विचारायला बसले. तुझं कोण हाय? गाव कोणतं? शेवटचं कुठं पाहिलंस?

मी दुसरीपर्यंत शिकले होते. वही मला कोण देणार? कोळशानं गोठ्याच्या भिंतीवर लिहिलं. लेकराचं नाव, गावाचं नाव, कोण जिवंत. भिंत भरली. निम्म्याहून जास्त लेकरांचं कुणी ना कुणी होतं. एक पोरगी म्हणाली, "मला आता उमजना, आई खरंच मेली का म्या नुसतं म्हणते." सहा-सात वर्षांची होती. तिच्यापुढं मी काही लिहिलं नाही. जागा मोकळी ठेवली.

मग मी वेशीत उभी राहायला लागले. ओढा ओलांडून येणाऱ्या प्रत्येक गाडीपुढं जाऊन गावांची नावं ओरडायची. कोणत्या गावचं लेकरू इथं आहे, कुणाचं आहे. मुनीम म्हणाला, "खाली बस, तमाशा करू नकोस." मी बसले नाही. चौथ्या दिवशी एका पोराचा मामा आला. पाठोपाठ एकीची चुलती. धर्मशाळेनं इतक्या दिवसांत एकही लेकरू घरी पोचवलं नव्हतं.

त्याच वेशीत ईटकडची एक म्हातारी भेटली. मला ओळखून म्हणाली, "आगं, तू हितं हाईस? तुजी आय दोनदा येऊन गेली की. दोन पोरी हायत का म्हणून इचारलं. त्या वहीवाल्यानं वही बघून सांगितलं, असल्या पोरी न्हायत, हितं समदी अनाथ हायत."

दोनदा. ती दाराशी उभी होती आणि मी आत आंबील पीत होते.

आई पुढं भेटली. तिसऱ्यांदा आली, तेव्हा मी वेशीतच होते. आम्हा दोघींना वस्तीवर घेऊन गेली. ते सांगून तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी हे लिहायला बसले नाही.

कारण पाऊस संपता संपता निजामाचं राज्य गेलं, फौज आली, आणि मग दुसऱ्यांची घरं जळाली. ह्या वेळी मुसलमानांची. आमच्या शेजारच्या गावात दर्ग्यामागं तीन लेकरं एकटी सापडली. आणि कोण आलं? वहिनीसाहेब. मोटारीत बसून, छत्री घेऊन. गावकरी हात जोडून उभे. ज्यांनी घरं लुटली तेही त्यात होते.

"बिचारी अनाथ मुलं," त्या म्हणाल्या. "आम्ही नेतो." मला पाहिलं. "ही तर आमच्याकडचीच मुलगी."

"तुमच्याकडची न्हाय," मी म्हणाले. त्यांना ओलांडून लेकरांजवळ गेले. थोरलीला विचारलं, "तुजं कोण हाय?"

ती हळूच म्हणाली, "अम्मा है. कुएँ के पास छूट गई."

"वहिनीसाहेब, आधी ती बाई शोधा," मी म्हणाले. "तवर ही लेकरं आमच्या वस्तीवर ऱ्हातील."

"तू कोण ठरवणार?"

"मी ठरवत न्हाय. ही लेकरं सांगत्यात, तुमी ऐकत न्हाय."

आई पुढं झाली आणि तिनं लहानग्याला उचललं. मोटार रिकामी गेली. त्या बाईला शोधायला आम्हाला महिना लागला. सापडली.

तेव्हापासून माझं एक ठरलेलं आहे. एकटं आलेलं लेकरू माझ्यासमोर कुणी अनाथ म्हटलं, की मी पुरावा मागते. प्रेत पाहिलं का? कुणी पाहिलं? निरोप कुठं कुठं धाडला? लेकराला विचारलं का, त्याच्या भाषेत, त्याच्याजवळ खाली बसून? ही उत्तरं नसतील तर तुमची दया, तुमची समिती, तुमची मोटार दाराबाहेर ठेवा. म्हातारी झाले तरी दारात मी बसलेली असेन. माझ्या अंगावरून जावं लागेल.