धस्स करायची नोकरी

माझा मोठा भाऊ वीस वर्षं गाडी चालवायला शिकवतो. शिकणारा स्टिअरिंगवर, दादा शेजारी; त्याच्या पायाशी एक जादा ब्रेक. दादा मुळात इतका भित्रा, की शिकणाऱ्यापेक्षा ब्रेक तोच जास्त दाबायचा.

गेल्या वर्षी त्याच्या मेंदूला सूज आली. जीव वाचला, पण आतले बदामाएवढे दोन भाग कामातून गेले. अमिग्डाला म्हणतात त्यांना. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. "धोका यांना समजेल, पण छातीत धस्स होणार नाही. आणि धस्स झाल्याशिवाय पाय वेळेवर हलत नाही."

तसंच झालं. समोरून ट्रक अंगावर येत असताना दादा शिकणाऱ्याला म्हणाला, "रंग काय छान दिलाय बघ." ब्रेक दाबला, पण सावकाशीनं. वहिनीनं त्याच संध्याकाळी फर्मान काढलं, क्लास बंद.

दादा माझ्याकडे आला. "घरात बसून मला वेड लागेल. तू मागे बस. धस्स झालं की ओरड, मी दाबतो."

"मीच का?"

"तुझ्याइतकं घाबरणारं आपल्यात दुसरं आहे कोण?"

वहिनीनं आठ दिवसांची मुदत दिली.

मी मन लावून काम केलं. पहिल्या फेरीत अकरा वेळा ओरडले. त्यात एकदा कुंपणावरच्या मांजरासाठी आणि एकदा गॅसवर दूध राहिल्याचं आठवलं म्हणून. दादानं अकराही वेळा करकचून ब्रेक दाबला. शिकायला आलेले आजोबा मध्येच उतरून चालत घरी गेले.

आठव्या दिवशी स्टिअरिंगवर माझी मुलगी, मागे माझ्याशेजारी वहिनी. वळणावर एक बस अचानक मागे येऊ लागली. मी तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. दादा माझ्या ओरडण्याची वाट बघत निवांत.

"अहो, दाबा!" वहिनी किंचाळली. गाडी बसपासून हातभर अंतरावर थांबली.

"ओरडली का नाहीस?" दादानं नुसत्या कुतूहलानं विचारलं.

"माझी पोर होती रे गाडीत."

"मग जास्त धस्स व्हायला हवं."

"झालं ना. म्हणूनच."

हे काही त्याच्या डोक्यात शिरेना. वहिनीनं मात्र खाली उतरून पुढचं दार उघडलं. "तुम्ही मागे या."

आता ब्रेकवर वहिनीचा पाय असतो आणि मागून दादा शांतपणे शिकवतो, कुणावर खेकसत नाही. शिकणारे वाढलेत.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही घरूनच घाबरा, वन्सं," वहिनी म्हणाली. "त्यात तुमचा हात कुणी धरू शकणार नाही."