निंबाच्या अलीकडची माती

आमच्या गावात माती दोन जातींची. रानात काळी, गावठाणात पांढरी. काळीत ज्वारी येते, पांढरीत माणसं राहतात, एवढी विभागणी आम्हाला शाळेत जायच्या आधीच पाठ होती. पांढरी खरं तर पांढरी नसते, राखाडी असते. ती राखेचीच असते म्हणा. चुलींची राख, बसलेल्या भिंती, शेण, भुसा, खापरं, हाडं, असं सगळं एकावर एक साचून तिचं टेकाड होतं, आणि त्या टेकाडावर पुढची माणसं घरं बांधतात. सीनेच्या काठचं आमचं गाव अशाच टेकाडावर आहे. लहानपणी मला वाटायचं, पूर येतो म्हणून देवाने आम्हाला जरा उचलून ठेवलंय.

घरं माळवदाची. तुळया, त्यांवर फळकुटं, त्यांवर पाला आणि वर हातभर पांढरी माती. ही माती बारीक, दाबली की घट्ट बसते, पाणी खाली उतरू देत नाही. पण दर पावसाळ्यात थोडी धुपतेच, म्हणून दर वैशाखात नवा थर टाकायचा. तो आणायचा कुठून? घरामागच्या टेकाडाच्या कडेवरून. म्हणजे पायाखालचं काढायचं आणि डोक्यावर घ्यायचं, ही आमच्या गावची इंजिनीअरिंग. खोरं लावायच्या आधी आई तिथे हळदकुंकू वाहायची आणि पुटपुटायची, "पांढरीचे आई, तुझंच हाय, जरा वर ठेवतो." हे ऐकून आम्हाला फार हसू यायचं.

माती काढून काढून टेकाडाची ती बाजू उभी कापल्यासारखी झाली होती. तिच्यात पट्टे दिसायचे. पुढे मी इतिहास घेऊन बी.ए. झाले, सोलापुरात शाळेत शिकवायला लागले, आणि एका सुट्टीत त्या कापासमोर उभी राहिले तेव्हा माझी वाचाच बसली. अख्खं पाठ्यपुस्तक तिथे आडवं पडलेलं. तळाशी काळ्या मातीला टेकून पहिल्या शेतकऱ्यांची रंगीत खापरं, चुलीची लाल भाजलेली जागा, झिजलेला पाटा. त्यावर राख. त्यावर मोठाल्या विटा, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आणि एकदा सापडलेलं शिशाचं नाणं, म्हणजे सातवाहन. त्यावर पुन्हा राख. मग कोरीव दगडाचा कोपरा, चालुक्य किंवा यादव. तशाच एका वीरगळावर आमची भावकी धुणं आपटायची. मग चिलमी आणि चकाकत्या निळ्या कौलाचा तुकडा, सुलतानांचा काळ. आणि सगळ्यांत वर, सगळ्यांत पातळ पट्टा आमचा. प्लास्टिकची चप्पल, बॅटरीचा सेल, फुटका कप.

वर्गात मी हे सोपं करून शिकवायची. अमुक आले, नंतर तमुक आले. जणू एसटीतून एक उतारू उतरला आणि दुसरा चढला. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, आधीचे कुठे गेले?" पाऊस हटला म्हणून तळातले पहिले लोक पांगले असावेत, असं मी वाचलं होतं. पण तास संपत आला होता. म्हटलं, "ते परीक्षेला नाही." वर्ग हसला, मीही हसले. त्या कापासमोर मात्र मला कधी हसू आलं नाही. प्रत्येक पट्ट्याला खाली जमीन होती, सारवलेली, चोपलेली, कुणीतरी हातानं केलेली. आणि प्रत्येकीवर राख होती. आमच्या पट्ट्यावर अजून नव्हती एवढंच.

त्या कापाच्या आणि आमच्या मागच्या भिंतीच्या मध्ये एक निंब होता. आईची एकच सक्त ताकीद होती. "निंबाच्या अलीकडं खोरं यायचं न्हाय." वडिलांनाही ती तसंच सांगायची आणि वडीलही ऐकायचे. निंबात देवी आहे, असं आम्ही दोघं भावंडं समजायचो.

खरं कारण मला कळलं ते माझ्या पहिल्या बाळंतपणात. मुलगी झाली होती. आई तिला न्हाऊ घालून शेक देत होती आणि मधेच म्हणाली, "तुज्या आदी एक हुती." मला वाटलं चुकून बोलली. तिने पोरीला दुपट्यात गुंडाळलं, माझ्या कुशीत दिलं, आणि मग पुढचं सांगितलं. तिची पहिली मुलगी पाच दिवसांची होऊन गेली. तान्हं मूल आमच्याकडे नदीकाठी पुरतात. पण तो भादवा होता, सीना गावात शिरायला आली होती. नदीकाठच उरला नव्हता. मग सुईण आणि आजी, दोघींनी तिला घरामागे निंबाच्या बुडाशी ठेवलं. दोन नवी मडकी आणली, त्यांची तोंडं एकमेकांना लावली, आत मूल. कोल्ह्याकुत्र्याने उकरू नये म्हणून सुईणीची ती जुनी रीत.

"कुनाला बोलू नगंस," आई म्हणाली. "घरामागं मूल पुरलंय म्हटलं, तर आपल्या घरात कोन पानी प्यायचं न्हाय. तुज्या भावालाबी न्हाय सांगायचं. त्याला हितंच संसार करायचाय."

मी शब्द दिला आणि पाळला. भाऊ मोठा झाला, त्याचं लग्न झालं, वडील गेले. दोन्ही गुडघे एकदम संपावर गेल्यावर आई माझ्याकडे सोलापुरात आली आणि राहिली. मी गावाहून परतले की ती चपला काढायच्या आत विचारायची, "निंबाच्या अलीकडं तर न्हाय ना आलं?" मी म्हणायची, नाही. ते खरंच होतं. मग माझंही जाणं कमी झालं. सेवानिवृत्त माणसाला वेळ असतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा निवृत्त होऊन बघावं.

गावात मात्र दिवस बदलले होते. पांढरी माती उसाच्या रानाला खतासारखी लागू पडते, हे लोकांना जुनंच ठाऊक होतं, पण पूर्वी ती पाटीने जायची. आता जेसीबी आला. एका दुपारी शेजाऱ्याने दहा पिढ्यांना पुरेल एवढी माती काढली. मग दुसऱ्याने काढली. टेकाड चहूकडून आत यायला लागलं. फोनवर भावजय म्हणायची, "भांडी आपोआप वाजत्यात वो वन्सं, मांडणीवर." मी तिला धीर द्यायची.

यंदा वैशाखात भावाचा फोन आला. आई समोर हरभऱ्याची डाळ निवडत बसली होती. तिला ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावला.

"आक्का, लई जुनं काय तर घावलंय," तो खुशीत होता. "जेसीबीवाल्याच्या बकेटीत आलं. दोन मडकी, तोंडाला तोंड लावलेली. आत पोराची हाडं. सोलापूरच्या कालेजचं सर आलं हुतं, घिऊन गेलं. पेपरात येनार म्हनं."

आईचा हात ताटात थांबला. "कुटं घावली रं?"

"मागं की. निंब हुता तितं."

"हुता?"

"आगं आये, पडला न्हाय का मागल्या वळवात. सांगायचंच राहिलं बग."

झाड पडलं म्हणून कोण फोन करतं? आणि त्याचंही काय चुकलं? मनाई निंबाची होती, निंब गेला, मनाईही गेली, असा त्याचा सरळ हिशेब. फोन बंद झाल्यावर आईने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "उद्या मला तितं ने. कालेजात."

मी तिला पुष्कळ समजावलं. जिने आहेत, ऊन आहे, ते लोक काय म्हणतील. ती एकच म्हणाली, "मला बगू तरी दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाने गेलो. सर भले निघाले. स्वतः खुर्ची आणून दिली. आजींना इतिहासाची आवड दिसते, म्हणाले. टेबलावर वाळूच्या ताटात ती दोन मडकी होती, एकाला मोठा तडा. आत इवलीशी हाडं, वाळक्या काड्या वाटाव्यात अशी, आणि एक मणी. सर सांगत होते की हे तीन हजार वर्षांहूनही जुनं असावं. त्या काळी लहान मुलाला घराच्या जमिनीखालीच पुरत, आईच्या जवळ राहावं म्हणून असेल. मी माना डोलावत होते. ही तीच असेल तर? तीन हजार वर्षं म्हणून माझी बहीण इथे कपाटात ठेवली जाईल. आणि ती नसेल तर? हा दुसरा प्रश्न मी मनातही पुरा केला नाही.

आईने विचारलं, "हात लावू का?" सर जरा घुटमळले, मग हो म्हणाले. तिने मडक्याच्या काठावरून बोट फिरवलं, सगळीकडून, सावकाश. मग आतल्या हाडांकडे पाहून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, माहेरवाशिणीला निरोप देताना करतात तसा.

जिना उतरताना ती म्हणाली, "ही माजी न्हाय. हे हातानं थापल्यालं हाय, करडं. आपली लाल हुती, चाकावरची. कुंभाराच्या घरनं म्याच आनवली हुती."

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते रिक्षात बसेपर्यंतच टिकलं. कारण रिक्षा सुरू झाल्यावर तिने माझ्याकडे वळून विचारलं, "मग माजी कुटं गेली?"

तीच ती वर्गातली मुलगी पुन्हा समोर उभी राहिली असं मला वाटलं. या वेळी तासाची घंटा झाली नाही. ही तळातली मडकी वर निघाली, म्हणजे त्यांच्यावरचं सगळं आधीच उपसलं गेलं होतं. यादव, सुलतान आणि आम्ही.

रिक्षा तशीच एसटी स्टँडकडे वळवली. गावात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घरामागे गेलो तर निंब नाही, बूड नाही, परसही जवळपास नाही. मागच्या भिंतीपासून चार पावलांवर जमीन संपली होती आणि खाली खोल खड्डा. कापात आमच्याच परसाची जमीन कडेवरून दिसत होती, आईने वर्षानुवर्षं सारवलेली, पापुद्र्यावर पापुद्रा. भिंतीला तडा गेला होता. आई त्या कडेकडे जायला लागली, मी तिचा दंड धरला. तिथे उभं राहून तिने भावाला सांगितलं, सुईण, भादवा, मडकी, सगळं. तो पन्नाशीचा माणूस, मिशा पिकलेल्या. ऐकता ऐकता खालीच बसला.

"आये, मला का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू हितं राहिला असतास व्हय?" आई म्हणाली.

मग मीच विचारलं, निंबाजवळची माती गेली कुठे. उसाला गेली असेल, रानात जाऊन हळदकुंकू वाहू, असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. त्याने मान वर केली नाही.

"ती माती लई चांगली निघाली, आक्का. चाळल्यावानी बारीक. रानात घालू वाटंना." मग त्याने घराकडे बोट केलं. "गेल्या साली माळवदावर टाकली. औंदाबी तीच टाकलीया. खापरं हुती लाल लाल, ती येचून फेकली."

आई मला धरून घरात आली आणि मधल्या खोलीत, जिथे ती पूर्वी झोपायची, तिथल्या बाजेवर बसली. भाऊ दारात उभा राहून सांगत होता, आये, हितं बसू नगं, वर लई वजं झालंय, तुळई वाकलीया, पाऊस पडायच्या आत आमी रानात पत्र्याच्या खोलीत जानार हाय. वर पाहिलं तर तुळई खरंच वाकली होती. फळकुटांच्या फटींतून माती झरत होती, बारीक, चाळल्यासारखी. बाजेवर, आईच्या पदरावर, तिच्या मांडीवर.

भावजय धावत फडकं घेऊन आली आणि झटकायला वाकली. आईने तिचा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "इतक्या वर्सांनी मांडीवर आलीया."

बाहेर शेजारच्या अंगाला जेसीबी पुन्हा सुरू झाला. मांडणीवरची भांडी वाजायला लागली. मी आईला उठ म्हणाले, भाऊही म्हणाला, दोघांनी तिचे दंड धरले. ती दोन्ही हातांनी ओचा सावरून, एक कणही सांडू न देता, बसून राहिली आणि वरून माती आणखी पडू लागली.