ओसरीतली लांब पल्ल्याची सायकल

गोंदियातल्या एका भंगाराच्या दुकानात ती विलायती सायकल मला दिसली, तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती आणि आपल्या हातून एखादी जुनी वस्तू नष्ट होण्यापासून वाचावी, अशी इच्छा मला होऊ लागली होती. मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले हँडल, गिअर, देशोदेशी भटकण्यासाठी घडवलेला सडसडीत सांगाडा. तिला ओसरीत जागा हवी म्हणून मी चालती स्कूटर विकून टाकली.

पुढे कित्येक रविवार मी तिची सेवा केली. रॉकेलने गंज उतरवला, टायरांसाठी नागपूर पालथे घातले. स्टँड, कॅरिअर, घंटी मात्र निषिद्ध. मूळ रूपाला बाध येऊ नये, हा माझा सिद्धांत. सायकल-मिस्त्री म्हणाला, "काकाजी, येले चालवाचं हाय का पुजाचं?" मला त्याची कीव आली. सायकल सिद्ध झाली आणि मी तिला बाहेर काढणेच बंद केले, कारण बाहेर राइस मिलची काळी राख उडे. खंड ओलांडण्यासाठी जन्मलेली ती दसऱ्याला तेवढी अंगणात येई आणि हार घालून परत ओसरीत जाई.

पत्नी गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या पुढे एका गावी शिक्षिका होती. स्कूटर गेल्यापासून तिला भाड्याच्या काळ्या-पिवळ्या जीपने जावे लागे, आणि जीप भरल्याशिवाय हलत नसे. आता पुन्हा उशीर झाला तर वर कळवीन, असे मुख्याध्यापकांनी तिला बजावले होते. मी तिला संयमाचे महत्त्व समजावून सांगितले.

एका सकाळी जीपच आली नाही. ती चौकातून परतली, साडी बदलून सलवार-कमीज घालून आली आणि सायकल ओढू लागली.

"अगं, ती रस्त्यासाठी नाही!"

"मंग कायसाठी हाय?"

"टायर विलायती आहेत."

"मी अर्जुनी मोरगावची हाव. वावराच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं सायकलनं शाळेत जात होती मी. सरका."

मी सरकलो.

ती वेळेवर पोहोचली. संध्याकाळी मिस्त्रीकडून होऊनच घरी आली: मागे कॅरिअर, खाली स्टँड, हँडलला घंटी, चाकांना चिखल. मी हळहळत फडके आणले.

"काऊन पुसून राहिले? उद्या अजून मळनार हाय. हवा भरा."

मी पंप घेऊन उकिडवा बसलो. इतक्या रविवारांनंतर त्या सायकलीसाठी माझ्या हातून घडलेले ते पहिले उपयोगाचे काम, आणि तेही सांगितल्यावर.