पॅसेजमधली बॅटरी

आमच्या खालच्या मजल्यावर पडदेवाली राहायची. पडदे शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि तोंडाच्या फटकळपणातही. "समोर भिंतच आहे, खिडकीला पडदा कोणापासून लावताय?" असं गिऱ्हाइकाला विचारायची आणि तरी काम घेऊनच यायची.

तिचा नवरा विजेच्या सायकलवरून पार्सलं पोचवायचा. तो आजारपणात गेला. सायकल विकली, पण घेणाऱ्याला जुनी बॅटरी नको होती. ती काळी जाडजूड पेटी पॅसेजमध्ये, बाहेरच्या दाराजवळ, कापडाच्या गठ्ठ्यांमागे कित्येक महिने पडून होती.

नणंद तिच्याकडे राहायला आली तेव्हा घरात काहीतरी विचित्र सुरू झालं. पॅसेजमध्ये गोडसर वास यायला लागला. शिलाई मशीन थांबलं की गठ्ठ्यांमागून बारीकसा 'टक्' आवाज यायचा. पडदेवालीने पाल शोधली, उंदीर शोधला. काहीच नव्हतं.

"वहिनी, हा दादाच्या तेलाचा वास आहे," नणंद म्हणाली.

"वन्सं, ती बाटली मी कधीच टाकून दिली."

"म्हणून तर म्हणते."

पडदेवाली हसली, पण त्या दिवशी पॅसेजमधून जाताना तिने उगीचच भरभर पावलं उचलली.

एका दुपारी वास इतका वाढला की तिचं डोकं भणभणायला लागलं. ती मशीनवरून उठली आणि गठ्ठे बाजूला सारले. बॅटरीवरचे दिवे लागलेले होते. पेटीचं पोट फुगलं होतं, सांधा उकलला होता. तिने वर तळहात ठेवला. ताप चढलेल्या माणसाच्या कपाळासारखं गरम लागलं. हात झटकून तिने आधी भिंतीवरचं बटण बंद केलं.

"वन्सं! ही चार्जिंगला कोणी लावली?"

नणंद आतल्या दारात येऊन उभी राहिली. "मीच. तुझं लक्ष नसलं की लावते. हिचा चार्जर सापडेना, म्हणून दुसरा आणला. दिवे लागले ना, की वाटतं दादा आत्ताच आलाय, मोरीत हातपाय धुतोय."

पडदेवाली काही बोलणार तोच पेटीतून आवाज आला. दातांतून कोणी श्वास ओढावा तसा. मग पांढरी वाफ निघाली आणि जमिनीलगत त्यांच्या पायांकडे सरकली. बाहेरचं दार वाफेच्या पलीकडे होतं.

आणि तिला नवऱ्याचा आवाज ऐकू आला. कंपनीत शिकवलेलं तो जेवताना घोकायचा आणि ती कानाआड करायची, तेच शब्द. "वाफ दिसली की विझवत बसायचं नाही. धूर छातीत घ्यायचा नाही. दार लावायचं आणि निघायचं."

तिने नणंदेला आत ओढलं, पॅसेजचं दार लावलं, स्वयंपाकघरातला मेन स्विच पाडला आणि मागच्या जिन्याकडचं दार उघडलं. बंद दारामागे धडाधड आवाज सुरू झाले, आत कोणीतरी लाथा मारत असल्यासारखे. नणंद हात सोडवून मागे वळली.

"दादा आहे गं आत!"

"दादा असता तर त्याने आधी तुला बाहेर काढलं असतं! चल!"

सगळ्यांची दारं वाजवत दोघी खाली गेल्या. आरडाओरडा ऐकून वरून आम्हीही मागोमाग धावलो. अग्निशमन दलाला फोनवर पडदेवाली ओरडून सांगत होती, "सायकलची लिथियमची बॅटरी पेटलीय! माणसं सगळी बाहेर आहेत!"

तोंडावर मुखवटे चढवलेली माणसं आली. कितीतरी वेळ त्यांनी पाण्याचा मारा केला. मग लांब दांड्याच्या फावड्यावरून ती जळकी पेटी आणून अंगणात मध्यभागी, भिंतींपासून दूर ठेवली. "कोणी जवळ जायचं नाही," त्यांचा प्रमुख म्हणाला.

आम्ही लांबून बघत राहिलो. काळी, भिजलेली, निपचित पडली होती. हळूहळू लोक बोलायला लागले, कोणीतरी विनोदही केला. तेवढ्यात तो श्वास पुन्हा ऐकू आला. कोणी हात लावला नव्हता, वारा नव्हता, आणि पेटीतून आपोआप ज्योत उभी राहिली. नणंदेने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

"विझली होती ना?" तिने विचारलं.

"वरून विझली होती," प्रमुख म्हणाला. "आतली उष्णता गेली नव्हती." पुन्हा पाणी मारून त्यांनी ती पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवली. पिंपातून बराच वेळ बुडबुडे येत राहिले.

पॅसेज आणि तयार पडदे गेले. धुराने नणंदेची छाती धरली, तिला काही दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. पडदेवालीने तिला एका शब्दाने दुखावलं नाही. बरी झाल्यावर आपल्याच घरी ठेवून घेतलं.

पुढे पडदेवाली माझ्याकडे माप घ्यायला आली तेव्हा न राहवून मी विचारलं, "खरंच आवाज ऐकलात, की नुसतं आठवलं?"

तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"ऐकला. पण घाबरलेला होता हो. जिवंतपणी तो तसा कधी बोलला नव्हता."

मग तिने विचारलं, पडदा जमिनीपर्यंत हवा की खिडकीपुरता.